मधली जागा

बाळापूरहून सकाळी येणाऱ्या एसटीचा कंडक्टर आमच्या शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला, तेव्हा मला वाटलं, वच्छलेनं पुन्हा काहीतरी धाडलं असेल. तिची ती रीतच होती. अकोल्याला स्वतः यायचं म्हटलं की तिला बाळापुरातली सगळी कामं एकदम आठवायची. मग त्या भल्या माणसाच्या हाती कधी भाजलेल्या शेंगांची पिशवी यायची, तर कधी नुसताच तोंडी निरोप, "देवकाबाईले सांगा, अकोल्यात मारामारीचा नवा सिनेमा लागला म्हने, रविवारचं तिकीट काढून ठेवजो." कंडक्टर तो निरोप तिच्याच तोऱ्यात, माझ्या वर्गातल्या पोरींदेखत सुनावून जायचा आणि पोरी पदराआड हसायच्या. त्या दिवशी मात्र त्यानं टोपी काढून हातात धरली होती. "बाई, आपल्या बाळापूरच्या बाई गेल्या," एवढंच तो म्हणाला. आणि मी त्याला विचारलं, "कुठं गेल्या?"... तो गाडी उभी करून आला होता, तरी बराच वेळ तिथंच उभा राहिला.

त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभा झाली, भाषणं झाली. वच्छला त्यागमूर्ती होती, मेणबत्तीसारखी जळली, असं दोघातिघांनी सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात चरफडत होते. तिच्याइतकी त्यागाची चीड असलेली बाई मी पाहिलेली नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत दुसऱ्यासाठी मरून जाणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत, आणि का आवडत नसत हे मला जितकं ठाऊक आहे तितकं आणखी कोणाला ठाऊक नसेल. म्हणून लिहायला बसले आहे.

आमची ओळख अमरावतीची. दोघी एकाच वर्षी कॉलेजात आलो आणि मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत पडलो. तिच्या घरी काळ्या कसदार जमिनीची शेती, बैलजोड्या, दाराशी सालदार. माझे बाबा मूर्तिजापूरच्या बाजूला रेल्वेत गँगमन. आमच्या घरानं छप्पन साली बुद्धधम्माची दीक्षा घेतली, आणि पोरीला कॉलेजात घालायचंच हे बाबांनी त्याच सुमाराला मनाशी धरलं. वसतिगृहात मला कोणी वाईट बोललं, असं मी म्हणणार नाही. बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मी जेवायला बसले की माझ्या शेजारी एक पाट रिकामा राहायचा. फोटो काढायच्या दिवशी कोणीतरी गोड आवाजात "देवका, तू उंच आहेस, मागं जा" म्हणायचं. आणि मी काही उंच नव्हते. या गोष्टींची तक्रार तरी कोणाकडे करायची? पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी ठरवून टाकलं, की स्नेहसंमेलन झालं की घरी जायचं, ते परत न येण्यासाठी. बाबांनाही तसं कळवलं होतं. त्या दिवशी ते येणार होते आणि माझी ट्रंक घेऊन आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं परतणार होतो. हे वसतिगृहात फक्त वच्छलेला ठाऊक होतं. ऐकून ती म्हणाली, "जायजो. पन आधी माह्यासंग सिनेमाले चाल."

सिनेमाला जाण्याची परवानगी फक्त भक्तिपटांसाठी मिळायची. वच्छला भक्तिपटाची परवानगी काढायची आणि आम्ही शेजारच्या टॉकीजमध्ये मारामारीच्या सिनेमाला जाऊन बसायचो. बायकांच्या बाकांवर बहुधा आम्ही दोघीच. आमच्या सुपरिंटेंडेंट बाई पुण्याकडच्या. वच्छलेचं बोलणं त्यांना उद्धट वाटे, पण तिच्यावर त्यांचा जीवही होता. एकदा त्यांनी संशयानं विचारलं, "काय गं, सिनेमात काय दाखवलं?" वच्छलेची मुद्रा अगदी सात्त्विक. "देव घोड्यावर बसून येते जी, तोंडाले काळा फडका बांधून. आन् दुष्टाईले चाबकानं झोडपते." "कोणता देव?" बाईंनी विचारलं. "थे शेवटी कळते म्हने जी. आमाले वेळेत परत यायचं होतं ना, शेवट नाई पाह्यला." पुढं कितीतरी दिवस 'काळा फडका बांधलेला देव' हे आमचं खोलीतलं परवलीचं वाक्य होतं.

त्या काळात एक लाट आली होती. एकट्या नायकाच्या जागी चार-पाच नकाबपोश वीरांची टोळी. एक चाबूकवाला, एक सुरे फेकणारा, एक पहाडासारखा दांडगा, एक लठ्ठ नि हसवणारा. मी तोंडाचा आ करून पाहायची. वच्छलेचे डोळे वेगळं पाहायचे. परतताना ती मला सगळं उलगडून सांगायची. सिनेमाला रंग नाही, सगळं काळंपांढरं. मग धुळीच्या लोटातून पाच घोडे आले तर कोण कोण हे मागच्या बाकावरच्या माणसाला कसं कळावं? म्हणून प्रत्येकाची टोपी वेगळ्या आकाराची, प्रत्येकाची चाल वेगळी. म्होरक्या पडद्यावर यायच्या आधी त्याचे बूट येतात, मग चाबूक, मग छाती, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. आणि लढाई जिंकल्यावर पाचही जण बाणाच्या टोकासारखे उभे राहतात. टोकावर म्होरक्या, बाकीचे दोन्ही बाजूंनी मागं मागं. हे सगळं मी कौतुकानं ऐकत असे. पण एका रविवारी ती टॉकीजबाहेरच्या पोस्टरपुढं थांबली. पोस्टरवर मात्र रंग होते. म्होरक्या लालभडक आणि भला मोठा, बाकीचे निळसर, लहान लहान. ती बराच वेळ पोस्टर न्याहाळत राहिली, मग बोटानं एका कोपऱ्यात दाखवून म्हणाली, "पाय, सगळ्यात लहान मुंडकं कोनाचं हाय? जो मरते त्याचं." आणि खरंच, प्रत्येक टोळीत एक इमानी गडी असे. काळासावळा, कमी बोलणारा, घोडे सांभाळणारा. म्होरक्यासाठी आलेला सुरा तो आपल्या छातीवर घेई, म्होरक्याच्या मांडीवर डोकं ठेवून मोठं भाषण करी, आणि मग म्होरक्याचं लग्न होई. "भाषन करासाठी मराच लागते का त्याले?" वच्छला चिडून म्हणाली. मी हसले. पण रात्री डोक्यातून ते लहान मुंडकं जाईना.

संमेलनासाठी तिनं नाटुकलं लिहिलं ते अशाच टोळीचं. पाच बहाद्दरणी, तोंडाला काळे नकाब, नऊवारीचा कासोटा आणि पाठीवर सोडलेला लांब रंगीत कपडा. त्या कपड्याला आम्ही झूल म्हणायचो, पोळ्याला बैलावर घालतात ती. रंगमंचावर रंग दिसतो, तेव्हा टोपीचं काम रंगाकडून करून घ्यायचं, ही तिची योजना. जुने पलंगपोस फाडून झुली केल्या. पात्रं वाटायची वेळ आली तेव्हा संमेलनाच्या कमिटीनं म्होरकीण म्हणून नलिनीला नेमलं. ती वकिलांची मुलगी, गोरी, आवाज गोड. लाल झूल तिची. निळी मला हवी होती. आमच्या वस्तीत निळ्या रंगाला काय मान होता ते सांगायला नको. पण निळी, हिरवी आणि जांभळी झूल तिघी मैत्रिणींनी आधीच आपसांत वाटून घेतल्या होत्या. उरली मरणारी इमानी, टोळीच्या खेळात ती हवीच असा कमिटीचा हट्ट होता, आणि ती माझ्याकडे आली. वच्छला कमिटीशी भांडली, पण तिचं चाललं नाही. बाजारातल्या रंगाच्या पुड्याही संपल्या होत्या, तेव्हा माझी झूल मेसमधल्या हळदीत बुडवून पिवळी केली. मला त्याचं दुःख झालं नाही. जायचंच तर मरून जाऊ, असा माझा हिशेब.

तालमी वच्छलेनं घेतल्या, आणि घेतल्या त्या चालीच्या. संवादांकडे तिचं फारसं लक्षच नसे. नलिनी तुरुतुरु चालायची. वच्छला कपाळावर हात मारून म्हणायची, "अवं, तू काय देवळात चालली का ताट घेऊन? लूट अडवाले जाऊन राहिली ना तू!" आणि मग मला पुढं करायची. माझी चाल लांब टांगांची होती. लहानपणापासून बाबांना शिदोरी द्यायला रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून जायचं, तर स्लीपरागणिक पाऊल टाकायची सवय लागलेली. कॉलेजात आल्यावर या चालीची मला लाजच वाटायची. मी मुद्दाम पावलं आखडून चालायची. वच्छलेनं ते हेरलं होतं. "तुही चाल बदलू नको," ती म्हणाली, "अशी चाल सिनेमातल्या लोकाईले पैसे देऊनबी जमत नाई." बाकीच्या चौघी माझ्यामागून मैदानावर चालून पाहायच्या. इतके महिने शेजारचा पाट रिकामा ठेवणाऱ्या मुली माझ्या पावलावर पाऊल टाकायचा प्रयत्न करत होत्या. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही.

संमेलनाच्या दिवशी सकाळी घोटाळा झाला. माझ्या झुलीवर तालमीत वरण सांडलं होतं. वच्छला डोक्यात शंभर गोष्टी घेऊन धावत होती. तिनं ती झूल उचलली आणि कपडे धुवायच्या साबणाच्या पाण्यात सरळ बुचकळली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडं चिमुरड्या पोरीलाही ठाऊक असतं. घरात रोज हळदीचे हात धुणाऱ्या मुलीनं हे करावं! आम्ही जमलो तोवर बादलीतून लालजर्द कापड बाहेर येत होतं. नलिनी रडायलाच लागली, एका टोळीत दोन लाल कसे? वच्छलाही डोक्याला हात लावून मटकन बसली. तेव्हा मेसच्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "अवं, लिंबू पिळा, पिवळं होते वापस." आणि त्यांनी दोन लिंबं आणून दिलीही. वच्छलेनं लिंबू चिरलं. कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... मग शांतपणे उठली, ती दोन्ही लिंबं पेल्यात पिळली, साखर घातली आणि सरबत करून पिऊन टाकलं. "लय ऊन हाय," ती म्हणाली. नलिनीनं विचारलं, आता लोकांना म्होरकीण कळणार कशी? "तुह्या डोक्याले तुरा हाय ना," वच्छला म्हणाली, "कळीन. नाई कळलं तं पाहू, लोक कोनाच्या मांगं जाते थे."

संध्याकाळी मांडव भरला. मुलींच्या आया, आत्या, मावश्या पुढं, पुरुषमंडळी मागं. त्यांतच कुठंतरी पांढरेशुभ्र कपडे घालून आलेले माझे बाबा. पाच जणी आम्ही ढोलकीच्या तालावर प्रवेश केला. दोन लाल, तोंडं झाकलेली. रंगानं निवाडा होईना तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांनी चालीवर निवाडा केला, आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत पुढच्या रांगांतल्या बायकांनी मला म्होरकीण ठरवून टाकलं. मी आले की टाळ्या पडायच्या. मग तो प्रसंग आला. जाळलेल्या बुचाच्या काजळीनं मिशी रंगवलेली दुष्ट सरदारीण नलिनीवर पुठ्ठ्याचा सुरा उगारते. मी मध्ये पडायचं, सुरा घ्यायचा, कोसळायचं. मी मध्ये आले. आणि मांडवातून एकच ओरडा झाला. "अवं हट ना मांगं!" "हे मेली तं बाकीच्याईनं काय करावं?" माझे पाय थबकले. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर होतं, 'मी तर धन्याची चाकर', आणि ते बाहेर पडेना. मला ते म्हणायचंच नव्हतं. सरदारणीचा हात हवेत तसाच. मी पडद्याच्या बाजूला पाहिलं. वच्छला नाटकाचे कागद घेऊन तिथं उभी होती. तिनं ते कागद खाली ठेवले आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मरू नको, देवके. उभी राय."

मी सरदारणीचं मनगट धरलं. पुढची वाक्यं कुठून आली ते मला सांगता येणार नाही. अर्धी वच्छलेनं तिथल्या तिथं रचून सांगितली, अर्धी माझी मला सुचली. नलिनीबद्दल एक सांगायला हवं. ती क्षणभर बावरली, पण मग दोन पावलं पुढं येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, तिच्या मागून बाकीच्या तिघी आल्या. शेवटचं चित्र बाणाच्या टोकाचं व्हायचं होतं. त्याची सरळ ओळ झाली, आणि मधली जागा माझी होती. नंतर सुपरिंटेंडेंट बाईंनी चष्मा सावरत विचारलं, "ती इमानी मरणार होती ना गं?" वच्छला म्हणाली, "पुढच्या भागात मरते जी."

मांडवाबाहेर बाबा उभे होते. नकाब माझ्या गळ्यात लोंबत होता. "तुमी मले वयखलं का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "तोंड झाकलं म्हनून काय झालं? मी रोज ज्या लायनीवर चालतो, थे चाल मले कळनार नाई का?" मग ते जरा घुटमळले. ट्रंक बांधून खोलीत तयार होती. "बाजूच्या मानसानं मले इचारलं, मधातली कोन हाय म्हनून," ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "म्या सांगतलं त्याले... ट्रंक राहू दे, बाई. परीक्षा देऊनच ये." ते एकटेच स्टेशनकडे गेले. मी आज शाळेत शिकवते आहे, ती त्या संध्याकाळी ती ट्रंक खोलीतच राहिली म्हणून.

वच्छला कोणी मोठी सुधारक होती, असं कोणी समजू नये. तसं म्हटलेलं तिलाही रुचलं नसतं. तिच्याही तोंडून एकदा "तुमच्या लोकाईत" असं काहीतरी निघून गेलं होतं, आणि मी कितीतरी महिने तिच्याशी बोलले नव्हते. शेवटी एका रविवारी ती अकोल्याला माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मले माफी मागता येत नाई," ती म्हणाली. "मग तशीच आत ये," मी म्हटलं. चहा झाल्यावर तिनं माफी मागितली. तिला ती चांगली मागता येत होती, हे मी तिला सांगितलंही.

लग्नानंतर ती बाळापूरला मास्तरीण झाली आणि दरवर्षी शाळेच्या मुलींकडून टोळीचा खेळ करून घेऊ लागली. त्यात तिनं एक पद्धत पाडली. ढोलकी थांबली की पाचही जणी जागच्या जागी चित्रासारख्या उभ्या राहणार, आणि प्रत्येक वेळी मधली जागा वेगळ्या मुलीची. जिची बारी ती आधी दिसेल अशी, जरा उजेडात, बाकीच्यांच्या नजरा तिच्याकडे. पुढच्या वेळी दुसरी. गावातल्या म्हाताऱ्यांची यावर नाराजी असे. "अवो बाई, याच्यात हिरो कोन?" ते विचारत. ती म्हणे, "पायत राहा, आजा." मधली जागा ही नेमणुकीची जागा नाही, ती पाळीनं येते, असं ती मुलींना सांगायची. मला मात्र ती एवढ्या शब्दांत कधी बोलली नाही. माझ्याशी ती सिनेमातल्या घोड्यांबद्दलच बोलायची.

शेवटची भेट झाली तेव्हा ती काविळीनं अंथरुणाला खिळलेली होती. डोळे, नखं, तळहात, सगळं पिवळं. तिची लहानगी लेक पायाशी खेळत होती. मी उगाच तिचं पांघरूण सारखं करत बसले, तेव्हा तिनंच माझी सुटका केली. तळहात माझ्यापुढं धरून म्हणाली, "पाय, हळदीत बुडोली मले. साबन लाव बरं जरासा, लाल होतो का पाहू." मी हसता हसता रडले. "रडू नको," ती म्हणाली, "माहा खेळ बसवून झाला हाय. तू फक्त पाहाले येजो."

म्हणून मी गेल्या आठवड्यात बाळापूरला गेले. मुख्याध्यापकांनी, अगदी मनापासून, एक योजना केली होती. खेळाच्या शेवटच्या चित्रात मध्ये खुर्ची ठेवायची, खुर्चीवर वच्छलाबाईंचा हार घातलेला फोटो, आणि पाचही मुलींनी भोवती हात जोडून उभं राहायचं. सगळ्यांना ते पटलं होतं. माझेही डोळे भरून आले होते. खेळ सुरू व्हायच्या आधी ते मुलींना समजावून सांगत असताना शांती नावाची सातवीतली एक सावळी, काटक पोरगी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होती. सर बोलायचे थांबले तशी ती म्हणाली, "सर, बाईचा फोटो मधात ठेवला तं माहा नंबर कवा येईन?"

एक शिक्षिका तिला दटावायला पुढं झाली. शांतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागं सरली नाही. "बाईनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली, "आखरीचा नंबर तुहा." वच्छला गेल्यापासून मी त्या क्षणी पहिल्यांदा मोठ्यानं हसले, आणि लगेच मला रडूही आलं. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांना म्हटलं, सर, वच्छला मध्ये कधी उभी राहिलीच नाही. तिची जागा बाजूला, पडद्याआड. खुर्ची तिथं ठेवू या.

खुर्ची तिथं ठेवली. ढोलकी वाजली, पाच पोरी धूळ उडवत आल्या, भांडल्या, जिंकल्या. ढोलकी थांबली, तेव्हा शांती मधल्या जागेवर होती. तिनं छाती पुढं काढली होती, हनुवटी वर केली होती. जरा जास्तच ताठ उभी होती ती. वच्छलेनं तिला तेवढं ताठ उभं राहू दिलं असतं.